उसने हात

ईशान, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, आबांची गोल्फची आयर्न कोणती होती? चुका माफ करणारी, की हाताला सगळं कळवणारी?" दुकानातला माणूस तुला पहिली घे म्हणतो, शिकवणारा दुसरी घे म्हणतो, आणि रेवाचं म्हणणं असं की दादाने कशानेही मारलं तरी चेंडू तळ्यातच जाणार. मी तेव्हा "आठवून सांगते" म्हणाले. खरं म्हणजे आठवायला काही नव्हतं, मला सगळं लख्ख आठवतं. पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनी सावकाश वाचा, आणि जमलं तर दिवसाउजेडी वाचा.

आबांची आयर्न, त्या लोखंडी तोंडाच्या काठ्या, करणाऱ्या माणसाला आम्ही मिस्त्री म्हणत असू. त्याची उंची मला आठवते, खांद्यावरचा मळका पंचा आठवतो, एरंडेल लावून मऊ ठेवलेली बोटं आठवतात. त्याचा चेहरा मात्र कितीही प्रयत्न केला तरी आठवत नाही. इतकी वर्षं येणंजाणं असूनही. का, ते पुढे कळेल.

उमरग्यातून हैदराबादच्या दिशेने निघालं की ढाब्यांची आणि पंक्चरवाल्यांची रांग संपते आणि डाव्या हाताला मुरमाड गायरान लागतं. त्याच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. मूळचा तो लोहारा गावाकडचा. उमेदीची तीस-पस्तीस वर्षं हैदराबादकडच्या एका गोल्फ मैदानाच्या वर्कशॉपमध्ये त्याने साहेब लोकांची आयर्न घासली, वाकवली, जोडली. गावी परतला तेव्हा भावकीला वाटलं, आता रानात राबेल. त्याने रस्त्याकडेला चार पत्रे उभे केले, आत एक ऐरण, एक भाता आणि लोखंड आवळून धरायचा एक शिकंजा मांडला आणि तिथेच राहू लागला. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "बाईसाहेब, येकाच घरात इतकी मानसं ऱ्हात्यात, बायकूला कुठं ठिवू?" त्या शेडमध्ये त्याच्याशिवाय कुणीच राहत नसे.

त्याच्याकडे हैदराबादहून, सोलापूरहून, पार पुण्याहूनही कामं येत. ती ट्रकने येत. आयर्नची अख्खी पिशवी पांढऱ्या मांजरपाटात शिवलेली असे, उभी केली तर माणसाच्या छातीएवढी. ड्रायव्हर ती केबिनमध्ये ठेवायला तयार नसत. मागे मालाला टेकवून, दोरीने बांधून आणत आणि शेडसमोर ट्रक थांबवून ओरडत, "ओ मिस्त्री, तुमचा पाव्हणा आलाय, उतरवून घ्या!" मिस्त्री बाहेर येऊन ती पिशवी दोन्ही हातांवर आडवी घेऊन आत जाई. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भर दुपार होती, तरी मी रिक्षावाल्याला थांबू दिलं नाही.

आबांचा आणि त्याचा संबंध गोल्फमुळेच. आबा तरुणपणी काही वर्षं लष्करात डॉक्टर होते, तिथे त्यांना हा नाद लागला, आणि उमरग्यात स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढल्यावरही सुटला नाही. त्यांनी आणि साखर कारखान्यातल्या एका इंजिनियरसाहेबांनी त्या गायरानात तुपाचे रिकामे डबे पुरून नऊ भोकं केली होती. हिरवळीचा पत्ता नव्हता. चेंडू मुरमावरून टणाटण उड्या मारत जाई आणि शेळ्या मान वर करून बघत. तू ज्या मैदानाचे फोटो पाठवतोस त्यापुढे आबांचं मैदान म्हणजे खडीचा ढीग होता. पण रविवारी सकाळी त्या ढिगावरून परत आलेले आबा मला फार आवडत.

मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले तेव्हा मिस्त्रीने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हातांकडे पाहिलं. "खडू लई घासलाय तुमी," म्हणाला. "आन् रागावला की करंगळी दुमडताव." कॉलेजात मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. करंगळीचं मला स्वतःला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मात्र मी ती रोज दुमडलेली पाहू लागले.

आता तुझा प्रश्न. त्याचा मिस्त्रीने मला एकदा धडाच दिला होता. पोत्यावर त्याने दोन आयर्न ठेवली, दोन्ही सात नंबरची. एक बारीक, सुरीसारख्या पात्याचं, भट्टीत तापवून ठोकून घडवलेलं. दुसरं जाडजूड, साच्यात ओतलेलं, तळ रुंद आणि पाठीला खोलगट पोकळी.

"ह्ये घडीव," पहिलं उचलून तो म्हणाला. "ह्येचं काळीज हरभऱ्याएवढं. तिथं चेंडू लागला तर लोण्यात सुरी. जरा हुकला की कोपरापतुर झिणझिण्या. पन हाताला खबर पक्की, कुठं लागला, किती हुकला, समदी. आन् ह्ये ओतीव. वजन समदं कडंकडंला, मधी पोकळ. कुठंबी लागू द्या, चेंडू जातोय. चूक पोटात घालतंय. माफीचं लोखंड."

"मग सगळे हेच का घेत नाहीत?" मी विचारलं.

"घेत्यात की. लई लोक घेत्यात." त्याने दोन्ही आयर्न एकमेकांपासून दूर सरकवली. "पन माफी मिळाली की खबर येत न्हाय, बाईसाहेब. चूक झालीया ह्येच हाताला कळत न्हाय."

कुणाला कोणतं द्यायचं हे तो विचारून ठरवत नसे, आणि आठ दिवसांच्या आत तर कधीच नाही. त्याची रीत वेगळी होती. आधी त्या माणसाची जुनी पिशवी मागवायची. मुठींवरचं रबर कुठे झिजलंय, तळ कोणत्या बाजूने घासलाय, ते दिवसभर बोटांनी चाचपायचं. माणूस जवळपासचा असेल तर त्याला एकदा खेळताना लांबून बघायचं. आणि मग आठ दिवस तो माणूस व्हायचं. मी अलंकारिक लिहीत नाही. तो त्या माणसासारखा उभा राही, त्याच्यासारखा चाले, खोकला असेल तर खोके आणि त्याच्या हातांनी शेडमागच्या मोकळ्या जागेत चेंडू मारी. त्या हातांना जे लोखंड मानवेल ते त्या माणसाचं.

इंजिनियरसाहेब गोल गरगरीत होते, दर चार पावलांना पॅण्ट वर ओढायचे. त्यांचं काम चालू असताना मिस्त्री, जो काठीसारखा वाळका होता, नसलेल्या पोटाखालून लुंगी वर ओढत रस्त्याकडेने चालला होता. त्याच वेळी त्यांच्या बायकोची जीप मागून आली. तिने पाठमोरं पाहून हाक मारली, "अहो, उन्हाचं कुठं निघालात?" मिस्त्रीने वळून, अगदी त्यांच्या तऱ्हेने मान तिरकी करून, "आलोच" म्हटलं. बाई घरी येऊन माझ्यासमोर पोट धरून हसल्या. हसता हसता मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "चेहरा त्या मिस्त्रीचाच होता हो. पण मी जीपमधून उतरायला लागले होते." त्यानंतर त्या कारखान्यावर जाताना आतल्या रस्त्याने जायच्या.

काम झालं की मिस्त्री दोन-तीन दिवस शेड बंद ठेवी. एकदा मी फटीतून हाक मारली तर आतून म्हणाला, "माघारी यायलोय, बाईसाहेब. वाट लांब हाय."

आबा साठीच्या पुढे गेले तेव्हाची गोष्ट. त्यांची आयर्न जुनी, घडीव, लष्करातल्या दिवसांची होती. एका रविवारी ते कंटाळून घरी आले. "आता ही झेपत नाहीत. माझ्या वयाचे सगळे पोकळ पाठीच्या लोखंडावर खेळतात, मीच एकटा सुऱ्या घेऊन फिरतो," म्हणाले आणि पिशवी मिस्त्रीकडे पाठवून दिली. मला बरं वाटलं. म्हातारपणी माणसाने सोपं करून घ्यावं, असं माझं मत होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी त्यांचा एक राहिलेला हातमोजा द्यायला शेडकडे गेले. लांबूनच मला आबांचा खाकरण्याचा आवाज आला. त्यांची घसा साफ करायची रीत तुम्हाला माहीत आहे, दोनदा लहान आणि एकदा लांब. मग चेंडूचा आवाज. मी मनात म्हटलं, आज ऑपरेशनं लवकर संपली वाटतं. शेडला वळसा घालून मागे गेले तर मिस्त्री एकटा होता. चष्मा नसताना त्याने कपाळावर चष्मा सरकवला. पाय आबांचे, खांदे आबांचे. आयर्न वर गेलं, खाली आलं, चेंडू उडाला. मग हात मांडीशी सैल सोडून तो चेंडूकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरू लागला. हळूहळू, एका लयीत. शेंगदाण्याचं साल चोळून काढावं तसा.

"हे त्यांचं नाही," मी म्हणाले. "हे तुमचं काहीतरी घुसलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "म्या माजं कायबी घालत न्हाय, बाईसाहेब." मग आबांची जुनी मूठ माझ्या हातात दिली. रबरावर अंगठ्याच्या जागी वर्षानुवर्षांची खळी होती आणि तिच्या शेजारी एक छोटी, नवी, गोल खळी.

दुपारी दोनला आबा जेवायला आले. जेवताना हात ठीक होता. जेवण झाल्यावर ते पेपर घेऊन खुर्चीत बसले, डाव्या हाताने पान धरलं, आणि मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरू लागला. मी मोजत बसले. पेपर उलटायला हात उचलला की थांबे, परत ठेवला की सुरू. मग मी उठून त्यांच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. गेल्या वर्षीचं अक्षर आणि आताचं अक्षर शेजारी ठेवलं. आताचं निम्म्याने लहान झालं होतं, ओळीच्या शेवटी मुंगीएवढं. डॉक्टरची बायको इतकी वर्षं होते, कंपवाताचं नाव मला सांगायला कुणाची गरज नव्हती.

आणि शनिवारी एक ऑपरेशन होतं. आपल्या एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करणारी बाई, तिच्या गळ्यात गाठ होती. तिचा आवाज दिवसातून पन्नास वेळा आमच्या व्हरांड्यात येई, सोलापूर, निलंगा, लातूर. त्या गाठीला लागून आवाजाची नस जाते, दोऱ्याएवढी. ती वाचवायची तर बोटांना कळावं लागतं. आबांनी अशा गाठी शेकड्यांनी काढल्या होत्या. तिनेच हट्ट धरला होता की करीन तर डॉक्टरसाहेबांकडेच.

आता मी काय केलं ते सांगते, कारण तेच सांगायचं आहे. मंगळवारी सकाळी मी परत शेडमध्ये गेले. आबांना सांगा, असं म्हणायला गेले नाही. मी म्हणाले, "मिस्त्री, त्यांना माफीचंच लोखंड द्या. असेल त्यातलं सगळ्यात माफीचं. आणि त्या खळीबद्दल बोलू नका. आत्ताच कळलं तर ते खचतील. एवढं वर्ष जाऊ दे, मग मी सांगते."

"आन् शनवारचं?" तो म्हणाला. तिच्या ऑपरेशनची खबर साऱ्या गावाला होती.

"त्यांचा हात अजून चांगला आहे. काम करताना अंगठा फिरत नाही, मी पाहिलंय."

तो शिकंज्याचा दांडा उगीच फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "तुमी म्हनलाव तर म्या बोलत न्हाय. जबान दिली. पन बाईसाहेब, त्येंच्या हातात निस्ता खेळ न्हाय."

मी घरी आले. बुधवार गेला. एसटी स्टँडवरून आवाज येत राहिला आणि मी खिडक्या लावून घेतल्या, उन्हाचं निमित्त करून.

गुरुवारी दुपारी आबा आयर्न बघायला निघाले आणि मलाही घेऊन गेले. शेडमागे पोत्यावर एकच आयर्न होतं, पोकळ पाठीचं. मिस्त्रीने चिमणीची काजळी धरून त्याचं तोंड काळं केलं होतं. चेंडू जिथे लागेल तिथे काजळी उडून ठसा पडे. ही त्याची नेहमीची परीक्षा. चेंडू मारला की तो विचारी, "कुठं?" खेळणाऱ्याने न बघता सांगायचं, टोकाला लागला, टाचेला म्हणजे दांडीकडच्या बाजूला लागला, की मधे.

आबांनी पहिला मारला. चेंडू सरळ, लांब.

"कुठं?"

"मधे!"

दुसरा, तिसरा, पाचही तसेच. पाचही वेळा आबा "मधे" म्हणाले, शेवटी शेवटी तर हसत. मिस्त्रीने आयर्न त्यांच्या हातून घेतलं आणि पोत्यावर तोंड खाली करून ठेवलं. हे मी पाहिलं. एरवी तो ते उलटून दाखवत असे.

"बघितलंस?" आबा मला म्हणाले. त्यांचा चेहरा विशीतल्या मुलासारखा झाला होता. "मी उगीच घाबरत होतो. हात शाबूत आहे अजून." आणि त्यांनी खिशातून फोन काढून हॉस्पिटलला लावला. "सिस्टर, शनिवारची गाठ पहिली घ्या. नऊला."

उगीच घाबरत होतो. म्हणजे त्यांच्याही मनात काहीतरी होतं, आणि ते या लोखंडाने आज पुसून टाकलं होतं.

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. तोंडाकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बोलणार नव्हता, त्याने शब्द दिला होता. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. लांब गायरानात शेळ्या एका जागी उभ्या होत्या. मला वाटलं, घरी जावं. नऊ वाजेपर्यंत अजून दीड दिवस आहे, काहीतरी होईल, तिलाच ताप येईल, लाइट जाईल. असे विचार मी खरोखर केले.

मग मी म्हणाले, "मिस्त्री, ते दुसरं द्या त्यांना."

"कोणतं दुसरं?" आबा म्हणाले.

मिस्त्रीने आतून घडीव आयर्न आणलं, काजळी धरली आणि दिलं. आबांनी मारला. चेंडू वाकडा गेला.

"कुठं?"

"टोकाला लागला."

मिस्त्रीने आयर्न उलटं केलं. ठसा टाचेकडे होता. फडक्याने पुसून परत काजळी धरली. दुसऱ्या वेळी आबा "टाचेला" म्हणाले, ठसा टोकाला होता. तिसऱ्या वेळी ते डोळे मिटून, दात आवळून उभे राहिले, मारला आणि म्हणाले, "हा मधे. हा नक्की मधे." ठसा अगदी कडेला होता, जिथे लोखंड दांडीला मिळतं तिथे. असा फटका लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, हे मिस्त्रीनेच मला शिकवलं होतं. आबांना काहीच जाणवलं नव्हतं.

आबा खाली वाकले आणि पोत्यावरचं ते पहिलं आयर्न त्यांनी स्वतः उलटलं. पाच ठसे पाच ठिकाणी होते. मधे एकही नाही.

मग आबा म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही माणसाचा हात उचलता म्हणतात. माझा दाखवा."

"साहेब, ऱ्हाऊ द्या."

"दाखवा."

मिस्त्रीने कपाळावर नसलेला चष्मा सरकवला. दोनदा लहान आणि एकदा लांब खाकरला. त्याने चेंडू मारला, हात सैल सोडले, आणि अंगठा तर्जनीवर फिरू लागला. आबा चार पावलांवर उभे राहून स्वतःकडे बघत होते. त्यांचा स्वतःचा उजवा हातही तेव्हा सैल सुटला होता. दोन अंगठे एकाच लयीत फिरत होते, एकदाही मागेपुढे न होता. मी मान फिरवली.

आबांनी तिथूनच परत फोन लावला. "सिस्टर, शनिवारचं रद्द करा. हैदराबादला पत्र देतो, तिकडे पाठवू." त्यानंतर त्यांनी कधीही ऑपरेशनची सुरी हातात घेतली नाही. त्या बाईचं हैदराबादला नीट झालं. महिन्याभराने सोलापूर गाडी लागल्याचं तिनेच सांगितलं, तेव्हा आबा व्हरांड्यात उभे होते. शेवटपर्यंत ऐकलं आणि आत गेले.

त्या गुरुवारी घरी परतताना त्यांनी मला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"सोमवारपासून," मी म्हणाले. "मिस्त्रीला गप्प राहायला मीच सांगितलं होतं."

रिक्षा घराशी आली. उतरायच्या आधी ते म्हणाले, "मी फोन लावला तेव्हा तू तिथेच उभी होतीस. मिस्त्रीने तुझ्याकडे पाहिलं नसतं, तर तू मला शनिवारी जाऊ दिलं असतंस?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी परत कधी विचारलं नाही, आणि त्यानंतर पाच वर्षं आम्ही तसे चांगलेच राहिलो. औषधाच्या वेळा मी पाळल्या, शर्टाची बटणं मी लावली. पण माझ्या हातचा चहा घेताना ते दर वेळी आधी मला बघत, आणि मला वाटे, आज विचारतील.

खेळ मात्र सुटला नाही. मिस्त्रीने त्यांना मिश्र संच करून दिला, आणि ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. लांबच्या फटक्यांची चार, पाच, सहा नंबरची पोकळ पाठीची. सातचं अधलंमधलं. आठ, नऊ आणि त्यापुढची, जी भोकाजवळ आल्यावर लागतात, ती घडीव. "लांब असताना माफी लागती," तो म्हणाला, "डब्याच्या जवळ आलाव की मग खबर पायजे." तूही तसंच घे. दुकानात असे संच मिळतात, असं मी वाचलं आहे.

आबांचा हात दर महिन्याला बदलत होता. मिस्त्री दर महिन्याला मुठी जाड करी, वजन सरकवी, दांड्या आखूड करी. त्यासाठी त्याला आबांच्या हातात राहावं लागे. पूर्वी तो दोन-तीन दिवसांत माघारी येई. आता येईना. बाकीची कामं त्याने बंद केली, ट्रक थांबायचे बंद झाले. बाजारात तो दिसला तर पावलं घासत, वाकून, उजवा हात न हलवता चालत असे, आबांच्या बरोबरीने त्याची चालही आखडत गेली. एकदा आबांनी त्याला हॉस्पिटलात बसवून नीट तपासलं. परत आल्यावर मला म्हणाले, "त्याला काहीही झालेलं नाही." आणि मग बऱ्याच वेळाने, "पण माझा आजार त्याला माझ्यापेक्षा दोन दिवस आधी होतो."

आबा गेले तेव्हा तुम्ही दोघं परीक्षांमुळे येऊ शकला नाहीत. चौदाव्या दिवशी सकाळी मी त्यांची पिशवी मिस्त्रीला देऊन टाकायला शेडकडे गेले. रिक्षातून उतरले आणि आवाज ऐकला. दोनदा लहान, एकदा लांब. मग चेंडू.

मी पिशवी भिंतीला टेकवली आणि मागे गेले. तो पाठमोरा होता. वाकलेले खांदे, घासत ठेवलेली पावलं, सैल हाताचा फिरणारा अंगठा. माझी चाहूल लागली असावी. वळला नाही. पण दुसरा चेंडू पायाने पुढे घेता घेता हळूच म्हणाला, "सोडू का?"

आवाज मिस्त्रीचा होता की नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, "थोडं थांबा."

एका उलट्या डब्यावर मी बसले. त्याने एकामागून एक चेंडू मारले. मी मोजले नाहीत. ऊन पायांवर आलं तेव्हा मी उठून त्याच्या मागे चार पावलांवर उभी राहिले. आयर्न वर गेलं होतं.

"हो," मी त्या पाठीला म्हणाले. "शनिवारी जाऊ दिलं असतं."

आयर्न वरच थांबलं. किती वेळ, कोण जाणे. मग ते खाली आलं आणि चेंडू लागल्याचा असा आवाज झाला, की मलासुद्धा कळलं तो कुठे लागला. अगदी मधे.

"आता सोडा," मी म्हणाले.

त्याने आयर्न पोत्यावर ठेवलं. भट्टीजवळ जाऊन मूठभर राख घेतली, दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले, पाणी ओतलं, पंच्याला पुसले. त्याची पाठ हळूहळू सरळ झाली. अंगठा थांबला. मग तो वळला आणि मला पाहून एकदम दचकला. दार उघडताच पाहुणा समोर दिसावा तसा.

"बाईसाहेब," तो म्हणाला. "तुमी कवा आलाव?"